पुढील तारखेपर्यंत

एका बाईला मी दोनदा खोटे सांगितले. पहिल्या वेळी ते खोटे आहे हे मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या वेळी पुरते ठाऊक होते. कोर्टाची एक मनाई संपलेली असताना ती चालू आहे, असे मी तिला सांगितले. तिने विश्वास ठेवला आणि त्या विश्वासापायी तिची विहीर, तिची झाडे आणि शेवटी तिचे गाव सुटले. तीस वर्षांहून अधिक काळ हे मी कोर्टाबाहेर कोणाला कळू दिले नाही. पत्नीलाही नाही. यात मी कोणाकडून काही घेतले नव्हते, साधा चहासुद्धा नाही. घेतला असता, तर निदान स्वतःशी सांगायला एक कारण तरी उरले असते.

तेव्हा मी चोविशीत होतो. लातूर नुकताच स्वतंत्र जिल्हा झाला होता आणि त्यातल्या एका तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो होतो. गावाचे नाव लिहीत नाही. दोष माझा आहे, त्या गावाचा नाही. नवा जिल्हा लोकांनी वर्तमानपत्रातल्या नकाशात पाहिला. आमच्याकडे तो मालमोटारीतून, लाल फडक्यात बांधलेल्या बस्त्यांच्या रूपाने आला. उस्मानाबादेहून काही मिसली येत, चुकून आलेल्या काही परत जात. आमच्या बाजूला दाव्याच्या कागदांना अजून मिसलच म्हणत. चांगले चालणारे वकील पाट्या उतरवून लातूरला बिऱ्हाड हलवत होते. न्यायाधीशांच्या बदल्यांचे हुकूम एकापाठोपाठ एक निघत होते. त्यातच पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. व्हरांड्यातला रांजण सकाळी अकरालाच तळ दाखवी आणि लोक घरून तांब्यात पाणी घेऊन पेशीला, म्हणजे तारखेला, येत.

माझे काम रोजनामा लिहिण्याचे. प्रत्येक दाव्यात त्या तारखेला काय झाले, ते दोन ओळींत लिहायचे: वादी हजर, प्रतिवादी गैरहजर, मुदत मागितली, दिली. हे काम मला ज्यांनी शिकवले त्यांना सगळे गाव पेशकार म्हणे. त्यांनी नोकरी निजामाच्या काळात सुरू केली होती, पहिल्या मिसली उर्दूत लिहिल्या होत्या आणि त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. कोणी विचारले, की म्हणत, "या इमारतीत तात्पुरता मी एकटाच हाय. बाकी समदं कायम."

या विनोदाचा अर्थ कोर्टात वावरलेल्या माणसालाच कळेल. जमिनीच्या, घराच्या किंवा विहिरीच्या दाव्यात वादी पहिल्याच दिवशी एक अर्ज देतो. मिसलीत तो पाचव्या क्रमांकाला लागतो, म्हणून त्याला निशाणी पाचचा अर्ज म्हणतात. दाव्याचा निकाल लागेपर्यंत समोरच्याला अमुक गोष्ट करू देऊ नये, एवढीच त्यात मागणी असते. निकड दिसली तर न्यायाधीश समोरच्याला न ऐकताच मनाई देतात आणि तिच्या शेवटी लिहितात, 'पुढील तारखेपर्यंत'. त्या तारखेला समोरच्याने यावे, आपले म्हणणे मांडावे आणि मग मनाई ठेवायची की उठवायची ते ठरावे. असा अर्ज तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले आहे. प्रत्यक्षात तारखा पडत जातात आणि दर तारखेला रोजनाम्यात एक ओळ पुढे सरकते: मनाई पुढील तारखेपर्यंत कायम. मी अशी एक तात्पुरती मनाई पाहिली आहे, की जिच्यातला वादी वारला, प्रतिवादी वारला, वादाची भिंत पावसात कोसळली आणि मनाई तेवढी उभी राहिली.

पण या ओळीची एक बाजू लोकांना माहीत नसते. ती कोणीतरी मागावी लागते आणि न्यायाधीशाने द्यावी लागते. कोणी मागितली नाही, कोणी दिली नाही, तर त्या दिवशी कोर्ट उठते तेव्हा मनाईही संपते. त्याची दवंडी पिटली जात नाही. ज्याच्यावर ती असते, त्याच्या दारात येऊन कोणी सांगत नाही, की बाबा, तू मोकळा झालास.

ती बाई चाळिशीची असेल. कपाळावर विभूती, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर, चालीत घाई. नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला. जाण्याआधी त्याने चाळीस लिंबोणीची झाडे लावली होती, ती नुकती फळावर येत होती. शेजारी चुलत दिराचे शेत आणि दोघांच्या बांधावर एक विहीर, निम्मी हिची, निम्मी त्याची. विहीर आटली होती. तिने ती खोल न्यायचे ठरवले. हे काम भर उन्हाळ्यातच होते, कारण तेव्हाच तळ उघडा पडतो. एकदा पाऊस पडून पाणी साचले, की वर्ष गेले. तिने खोदणारी माणसे बोलावली, दगड वर ओढायची यारी काठावर उभी करून घेतली. दिराला दुसऱ्या शेतात स्वतःची विहीर होती, त्याला घाई नव्हती. आपली संमती घेतली नाही आणि सुरुंगाने आपल्या बाजूची कड ढासळेल, असा दावा त्याने लावला. न्यायाधीशांनी पुढील तारखेपर्यंत मनाई दिली. पुढच्याच आठवड्यात त्यांची बदली झाली.

चैत्रातल्या त्या तारखेला ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. तिचा वकील लातूरला गेला होता. कोर्टात जाऊन विचारून या, असे त्याने तिला सांगितले होते.

"भाऊसाब, माझी पेशी हाय आज. आन् जज्जसाब तर न्हाईत म्हंत्यात."

"त्यांची बदली झाली, मावशी. नवे यायचे आहेत. तुमची तारीख पुढे गेली."

"तारीख जाऊ द्या तिकडं. मनाई कवालोक हाय, ते सांगा."

कवालोक म्हणजे कधीपर्यंत. माझ्या आजीच्या तोंडचा शब्द. मी मिसल उघडली नाही. मान वर न करता म्हणालो, "पुढच्या तारखेपर्यंत."

"म्हंजे अजून हाय?"

"आहे."

"बरं झालं इचारलं. यारी उभी करून ठिवलीया, मानसं बसून राहिलीत. कामाला हात न्हाई आन् रोज दोन घागरी पानी तेवढं पिऊन राहिलेत." ती हसली. "म्या म्हनलं, बसा बाबांनो. कोर्ट काय म्हंतंय ते बघू."

ती गेली. मी असे का सांगितले, याचा विचार पुढे मी पुष्कळ केला. मला कोणाचे भले-बुरे करायचे नव्हते. 'आहे' म्हणणे सोपे होते, इतकेच. 'नाही' म्हटले असते आणि ते चुकले असते, तर तिने सुरुंग लावले असते आणि मला जाब द्यावा लागला असता. कोणाला थांबवून ठेवल्याबद्दल कारकुनाला कधी जाब द्यावा लागत नाही.

आठवड्याभराने मिसल शिवायला घेतली, तेव्हा माझ्याच अक्षरातला रोजनामा समोर आला. 'न्यायाधीश उपलब्ध नाहीत. प्रकरण पुढील तारखेस ठेवले.' त्याखाली काही नव्हते. मनाई कायम ठेवण्याचा अर्ज नाही. ज्यांच्याकडे तात्पुरता कार्यभार होता त्या शेजारच्या तालुक्यातल्या न्यायाधीशांची सहीही नाही. वादीचे लोक विसरले होते. मनाई त्या दिवशीच संपली होती.

मिसल घेऊन मी पेशकारांकडे गेलो. त्यांनी वाचली.

"संपली की," ते म्हणाले. "कुनी मागितली न्हाई, कुनी दिली न्हाई. किस्सा खतम."

"पण मी त्या बाईला 'आहे' म्हणून सांगितले."

त्यांनी चष्मा काढला. "तू वकील हाईस का तिचा?"

"नाही."

"मग जबान कशाला चालवलीस? आपण तारीख सांगावी. मनाई हाय का न्हाई, ते सांगायला काळे कोटवाले हायत."

"आता काय करू?"

"नोकरी कायम झाली का तुझी?"

"अजून नाही."

"मग आधी ती होऊ दे," असे म्हणून त्यांनी मिसल परत माझ्याकडे सरकवली.

ते वाईट नव्हते. माझ्या बापाच्या वयाचे होते आणि मला सांभाळत होते. माझी नेमणूक तात्पुरती होती. त्या वर्षात एखादी तक्रार झाली असती, तर नेमणूक पुढे चालू राहिली नसती. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, लग्नाच्या दोन बहिणी. ही सगळी कारणे खरी आहेत. त्यांच्यामागे मी इतकी वर्षे लपलो, म्हणून ती खोटी ठरत नाहीत; पण ती पुरेशीही ठरत नाहीत.

दुसरी तारीख वैशाखाच्या अखेरीस होती. नवे न्यायाधीश आलेले नव्हते. ती आली तेव्हा मिसल माझ्यासमोर उघडी होती आणि ते पान वर होते. वादीच्या वकिलाचा मुन्शी, पान खाल्लेला एक तरबेज गृहस्थ, खांबाला टेकून उभा होता. त्यालाही आपली चूक नुकतीच उमगली होती. माझ्याकडे तो ज्या नजरेने पाहत होता, त्यावरून मला ते कळले.

"भाऊसाब, हाय का उठली?"

मी त्या रिकाम्या जागेकडे पाहिले. 'संपली आहे' एवढे दोन शब्द मी उच्चारायचे होते. मुन्शी तिथून शेजारच्या तालुक्याला धावला असता, नवी मनाई आणायला त्याला दोन-तीन दिवस लागले असते आणि तेवढ्यात तिच्या माणसांनी काम पुरे नाही, तरी सुरू केले असते. पण मग ती म्हणाली असती, मागच्या वेळी तर तुम्ही हाय म्हणालात. मुन्शीने ते ऐकले असते.

"आहे, मावशी," मी म्हणालो. "पुढच्या तारखेपर्यंत."

"बगा, भाऊसाहेब सांगून राहिले म्हंजे हायच," मुन्शी खांबावरून म्हणाला. "जज्जापरीस पक्कं असतंय ह्यांचं. जावा घरी, उन्हं वाढलीत."

तिने मला नमस्कार केला आणि ती गेली. तिची टायरची चप्पल फरशीवर घासत होती. त्या आवाजावरून ती व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेल्याचे मला कळत होते. तिथे एकदा ती थांबली. ती परत यावी, असे मला त्या वेळी मनापासून वाटले. ती फक्त तांब्यातले पाणी प्यायला थांबली होती.

ज्येष्ठात एका रविवारी मी तिच्या गावाला गेलो. सांगून टाकायचे, असे ठरवून गेलो होतो. एसटी फाट्यावर सोडून गेली आणि मी मैलभर चालत गेलो. वाटेतल्या बाभळींची पालवीसुद्धा लोकांनी जनावरांसाठी ओरबाडून नेली होती. विहिरीवर यारी नव्हती. खोदणारी माणसे कंटाळून दुसऱ्या गावाला निघून गेली होती आणि यारीचे पाय रोवलेले चार खड्डे तेवढे काठावर उरले होते. मी आत डोकावलो. तळाशी परातीएवढी ओल होती, तिच्यावर गांधीलमाश्या घोंगावत होत्या.

ती झाडांपाशी होती. टँकरवरून डोक्यावर आणलेल्या घागरीतून प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक-एक तांब्या ओतत होती. ओतून झाल्यावर तिथली माती हाताने दाबत होती. मला पाहून आधी ओळख पटली नाही. मग तिचा चेहरा उजळला.

"अगं बया, कोर्टातले भाऊसाब! हिकडं कुटं?"

"पाहुण्याकडे आलो होतो," मी म्हणालो. हे खोटे वेगळे मोजत नाही.

तिने मला बाभळीच्या सावलीला बसवले. घागरीच्या तळाशी उरलेले पाणी तांब्यात घेतले आणि माझ्यापुढे धरले. मी नको म्हणालो.

"असं कसं? उन्हातून आलाव. झाडास्नी काय, उद्या मिळंल." मग माझ्यासमोर बसत ती म्हणाली, "तुमी सांगितलंव म्हनून लई बरं झालं बगा. न्हाईतर मी सुरुंग लावला असता आन् कोर्टाचा हुकूम मोडला म्हनून आत गेले असते. दीर त्याचीच वाट बगून ऱ्हायला होता."

मी तो तांब्या रिकामा केला. सांगायला आलो होतो, ते सांगितले नाही. तिच्या झाडाचे पाणी पिऊन मी परत निघालो.

त्या वर्षी पाऊस आला तो मातीचा वास येण्यापुरता. दिवाळीपर्यंत झाडे वाळली. पुढच्या तारखांना ती येऊन नुसती बाकावर बसे. मनाई आहे का, हे विचारणे तिने सोडले होते. संक्रांतीच्या सुमारास नवे न्यायाधीश रुजू झाले आणि पहिल्याच महिन्यात त्या दाव्यात तडजोड दाखल झाली. विहिरीतला हिस्सा आणि ती जमीन दिराला सोडून ती लेकीकडे, भोकरला जाणार होती.

"समजून-उमजून देता ना, बाई?" न्यायाधीशांनी विचारले.

"हाव," ती म्हणाली.

तिला सही येत नव्हती. अंगठा घेण्याचे काम माझे. शाईच्या पॅडवर मी तिचा अंगठा धरला आणि कागदावर दाबला. कातडी इतकी चिरली होती, की ठसा नीट उमटेना. दुसऱ्यांदा घ्यावा लागला. "उमटला का?" तिने विचारले. मी हो म्हणालो. त्याच महिन्यात माझी नोकरी कायम झाली. पेशकारांनी पेढे मागवले आणि पहिला पेढा स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घातला.

पुढची वर्षे मी चांगली नोकरी केली, असे लोक म्हणतात. मिसल उघडून पाहिल्याशिवाय मी कोणाला उत्तर दिले नाही. कोणाची मनाई संपत आली, की त्याला बोलावून सांगत असे, आजची तारीख चुकवू नका, वकिलांना आठवण करा. वकिलांनी मला काटेकोर म्हटले. एका न्यायाधीशांनी माझ्या गोपनीय अहवालात तसे लिहिलेही. त्या काटेकोरपणाचे मूळ कशात आहे, हे मला एकट्याला माहीत होते. ज्यांना ज्यांना मी वेळेवर सांगितले, त्यांच्यामागे मला ती बाकावर बसलेली दिसे.

आणि ती नुसती दिसत नसे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत व्हरांडा रिकामा झाला, की मला तो प्रश्न ऐकू येई. कवालोक हाय? रस्त्याने जाताना, बँकेत, मठात प्रसादाच्या रांगेत, कोणीही बाई तो शब्द उच्चारी आणि मी वळून पाही. एकदा धाकट्या मुलीने शाळेतून आल्यावर सहज विचारले, बाबा, तात्पुरते म्हणजे किती दिवस? मी तिच्यावर ओरडलो. मी घरात कधी आवाज चढवत नाही. ती घाबरली आणि पत्नी बघत राहिली.

मनाला मी एक गोष्ट मात्र पुनःपुन्हा समजावली. विहीर खोल नेली असती, तरी पाणी लागलेच असते कशावरून? आजूबाजूच्या कितीतरी विहिरी कोरड्या निघाल्या होत्या. हा एक आधार मी सोडला नव्हता.

अलीकडच्या दुष्काळात, लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले त्या उन्हाळ्यात, मुदत संपलेल्या जुन्या मिसली नष्ट करण्याचे काम माझ्याकडे आले. कागद किती वर्षे ठेवायचा, यालाही मुदत असते. यादी तपासताना तो दावा निघाला. मिसल उघडली. कागद पिवळा पडला होता, पण माझे अक्षर तसेच होते आणि त्याखालची रिकामी जागाही तशीच होती. पुढे तो फिकट अंगठा, दोनदा घेतलेला.

माझ्या मनात पहिला विचार सुटकेचा आला. हा कागद गेला, की मी मोकळा. मग हे कोणालाही कधी कळणार नाही. त्या विचाराने मला स्वतःची जी ओळख पटली, ती या सगळ्या वर्षांत पटली नव्हती. मी मिसल यादीप्रमाणे गठ्ठ्यात ठेवली, आणि दोन दिवसांची रजा टाकली.

आधी तिच्या गावाला गेलो. दीर वारला होता. त्याचा मुलगा, आता स्वतःच आजोबा झालेला, ओट्यावर बसला होता. काकूचा पत्ता त्याने दिला. त्याच्या मनात जुन्या भांडणाचे काही उरले नव्हते. मी विहिरीचे विचारले.

"ती व्हय? बुजवली. आता बोअर हाय. पन काय पानी होतं हो तिला! आमच्या बापानं दुसऱ्याच साली खोल नेली. दीड परसावर झरा लागला."

परस म्हणजे पुरुषभर उंची. दीड परस खोदायला यारीवरच्या माणसांना किती दिवस लागतात, हे मी त्याला विचारले.

"तीनेक हप्ते," तो म्हणाला.

चैत्रातली तारीख आणि वैशाखातली तारीख यांच्यामध्ये तिच्याकडे सहा आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी नांदेडला गाडी बदलून भोकरला पोचलो. पत्र्याचे घर, पुढे शेणाने सारवलेले अंगण. ती भिंतीला पाठ लावून, पाय पसरून तुरीच्या डाळीतले खडे निवडत बसली होती. पाठीला बाक आला होता. शेजारी लेक, माझ्याच वयाची, शेवया वाळत घालत होती.

"पगारीचं हाय का?" म्हातारीने मला पाहून मोठ्याने विचारले. निराधारांना सरकारकडून महिन्याला जे मिळते, त्याला इकडे पगार म्हणतात. "तीन बारी अंगठा घेऊन गेलाव. अजून किती घेनार?"

"पगारीचं न्हाई, आई," लेक ओरडली आणि मला म्हणाली, "तिला ऐकू येत न्हाई. बसा. कुटून आलाव?"

मी बसलो. मी कोण, ते लेकीला हळू आवाजात सांगितले. कोर्टातला, असे ऐकून तिने मायला ओरडून सांगितले. म्हातारीने हातातले सूप खाली ठेवले.

"कोर्टातले? भाऊसाब?" ती माझ्याकडे निरखून पाहू लागली. "मग इचारा ह्यांना. आमी कोर्टाचा शबूद मोडला का कवा? झाडं गेली, पन हुकूम मोडला न्हाई." मग लेकीकडे वळून म्हणाली, "तुजा बाप असता तर त्यानंबी असंच केलं असतं."

"हेच सांगती ती समद्यास्नी," लेक म्हणाली. "आमाला कळलं हुतं, दुसऱ्या साली पानी लागलं ते. मी रडले. ही म्हनाली, रडू नगं, कायद्यानं अडवलं हुतं, कुनाचा दोस न्हाई."

मी काय घेऊन आलो होतो, ते मला तेव्हा दिसले. या बाईजवळ त्या उन्हाळ्यातले एवढे एकच उरले होते, की आपण नियमाने वागलो. मी बोललो, तर तेही जाणार होते. न बोलता उठावे, त्यातच तिचे भले आहे, असे मनाने सुचवले. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. तिसाहून अधिक वर्षांपूर्वी बाभळीखाली बसलो असताना तोच बोलला होता.

मी लेकीला सगळे सांगितले. खालच्या आवाजात, पण काही न वगळता. ती तारीख, ते रिकामे पान, मुन्शी, माझी नोकरी. तिचा हात शेवयांवर तसाच थांबला.

"तुम्ही आईंना सांगा," मी म्हणालो. "त्यांना तुमचा आवाज कळतो."

"मी?" ती म्हणाली. "कडंवर लेकरू घिऊन मी त्या झाडास्नी पानी घातलंय. रोज. हे मी न्हाई सांगायची. तुमचं हाय, तुमीच सांगा. आन् नीट ऐकू जाईल असं सांगा."

"काय म्हंतोय त्यो?" म्हातारी विचारत होती. "काय झालं?"

मी तिच्यापुढे जाऊन गुडघे टेकून बसलो. पहिल्या वेळी बोललो, ते तिला कळले नाही. तिने हात कानामागे धरला आणि मान पुढे केली. शेजारच्या दोन बायका कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी दम घेतला आणि ओरडून सांगितले:

"मावशी, तुमच्या विहिरीवरची मनाई संपली होती! तुम्ही पहिल्या पेशीला आलात, त्याच दिवशी संपली होती. मी न बघता 'आहे' म्हणालो. दुसऱ्या वेळी मला माहीत होतं, आणि नोकरी जाईल म्हणून मी खोटं बोललो. तुम्हाला कायद्यानं अडवलं नव्हतं, मावशी. कोर्टानंही नाही. मी अडवलं. तुमची झाडं माझ्यामुळे गेली. माझं चुकलं. मला क्षमा करा."